‘फासिल गेब्बी’ : गोंदर येथील राजवाड्याच्या वास्तूंचे व दालनांचे चिकित्सक वाचन

प्रास्ताविक

इथिओपियाच्या उत्तर भागात, ताना सरोवराच्या उत्तरेस, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून अधिक उंचीवर गोंदर हे शहर वसले आहे. सम्राट फासिलिदस (कारकीर्द १६३२ ते १६६७) याने १६३६ च्या सुमारास येथे राजधानी स्थापन केली आणि पुढे सुमारे दोन शतके हे शहर इथिओपियाच्या राजसत्तेचे केंद्र राहिले. शहराच्या मध्यभागी दगडी तटाने वेढलेले जे राजआवार आहे, त्यास ‘फासिल गेब्बी’ असे म्हणतात. १९७९ मध्ये युनेस्कोने या आवाराचा व त्याच्याशी निगडित अन्य वास्तूंचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

या वास्तुसमूहासंबंधीच्या लेखनात दोन गोष्टी वारंवार आढळतात. एक म्हणजे, त्याचे वर्णन ‘किल्ला’ किंवा ‘आफ्रिकेतील कॅमेलॉट’ अशा युरोपीय उपमांच्या आधारे केले जाते. दुसरी म्हणजे, ‘हे बांधले कोणी?’ या एकाच प्रश्नाभोवती सारी चर्चा फिरत राहते. या दोन्ही सवयींमुळे वास्तूंची अंतर्गत व्यवस्था, दालनांचा क्रम, दरवाजांची नावे आणि इमारतींच्या मधली मोकळी जागा यांकडे दुर्लक्ष झालेले दिसते. फासिल गेब्बी ही मूलतः दगडात स्थिरावलेली राजछावणी आहे आणि आज उभ्या असलेल्या दगडी इमारती हा तिचा केवळ एक भाग आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हे मान्य केल्यास निर्मात्याच्या प्रश्नाचे स्वरूप बदलते, त्याचप्रमाणे जतनाच्या प्रश्नाचेही बदलते.

१. ‘गेब्बी’ आणि ‘गिम्ब’ : शब्दांनी दिलेली दिशा

अम्हारिक भाषेत ‘गेब्बी’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘कुंपणाने वेढलेले आवार’ असा आहे. राजवाडा हा अर्थ त्यास नंतर चिकटला. चुना आणि दगड यांनी बांधलेल्या पक्क्या इमारतीसाठी ‘गिम्ब’ असा वेगळा शब्द वापरला जातो. म्हणजे भाषेनेच आवार आणि इमारत यांत भेद केला आहे, आणि राजवाड्याचे नाव इमारतीवरून न पडता आवारावरून पडले आहे. ‘फासिलचा किल्ला’ असे भाषांतर करताच हा भेद पुसला जातो आणि वाचकाच्या मनात एकाच भव्य इमारतीचे चित्र उभे राहते. मराठीत या स्थळाचा परिचय करून देतानाही ‘किल्ला’ हाच शब्द सहज येतो. वास्तविक ‘वाडा’ हा शब्द त्यास अधिक जवळचा आहे, कारण त्यातही वेढलेल्या जागेची कल्पना मुळापासूनच आहे.

प्रत्यक्षात या आवारात एक इमारत नसून अनेक राज्यकर्त्यांनी सुमारे शंभर वर्षांच्या काळात उभारलेल्या स्वतंत्र इमारतींचा समूह आहे. आवाराचे क्षेत्रफळ सुमारे सात हेक्टर असून त्याभोवतीच्या तटाची लांबी युनेस्कोच्या नोंदीनुसार ९०० मीटर आहे. स्कॉटिश प्रवासी जेम्स ब्रूस १७७० आणि १७७१ या वर्षांत गोंदर येथे राहिला होता. त्याने या तटाचा घेर दीड इंग्रजी मैलाहून अधिक सांगितला आहे. हा आकडा आजच्या मोजमापाशी जुळत नाही, त्यामुळे ब्रूसच्या अंदाजी मापांवर विसंबता येत नाही. मात्र त्याचे एक निरीक्षण मोलाचे आहे. तटावर तोफांसाठी झरोके कधी ठेवलेले दिसत नाहीत, असे त्याने नमूद केले आहे. तोफा माहीत असलेल्या काळात बांधलेल्या तटाला तोफांची सोय नसणे, ही बाब ‘किल्ला’ या संज्ञेवर प्रश्नचिन्ह उभे करते. तटावर दर्शनी कंगोरे आहेत, तटावरून चालत जाऊन शहरातील रस्ते पाहता येत असत. परंतु वेढा झेलण्यापेक्षा राजाचे आवार आणि प्रजेची वस्ती यांत सीमा आखणे हेच त्या तटाचे मुख्य कार्य असावे, असे अनुमान निघते.

२. फिरत्या राजधानीची पार्श्वभूमी

गोंदरच्या आधीची काही शतके इथिओपियाच्या सम्राटांना कायमची राजधानी नव्हती. राजा, दरबार, सैन्य आणि सेवकवर्ग असा प्रचंड समुदाय तंबूंसह ठिकठिकाणी मुक्काम करीत असे. धान्य आणि सरपण संपले की छावणी हलत असे. १५२० ते १५२६ या काळात पोर्तुगीज वकिलातीबरोबर आलेला धर्मगुरू फ्रान्सिस्को आल्व्हारिस याने या छावणीचे तपशीलवार वर्णन केले आहे. छावणीच्या मध्यभागी राजाचे तंबू, त्यांभोवती कापडी पडद्यांचे मोठे कुंपण, त्या कुंपणाला बारा दरवाजे, जवळच चर्चचे तंबू, मागे स्वयंपाकाची व्यवस्था, ठरलेल्या जागी सरदारांचे तळ आणि काही अंतरावर बाजार, अशी ती रचना होती. राजाच्या लवाजम्यात साखळदंडांनी बांधलेले सिंहही असत.

या वर्णनाच्या शेजारी फासिल गेब्बीचा आराखडा ठेवला असता साम्य लपत नाही. कापडी कुंपणाच्या जागी दगडी तट आला. तटाला बारा दरवाजे आहेत. आवारात आणि तटालगत चर्च आहेत. सिंहांसाठी स्वतंत्र दगडी घर आहे. दरवाजांची नावे तर छावणीतील अधिकाऱ्यांची यादीच वाटावी अशी आहेत. न्यायाधीशांचा ‘वेंबर बेर’, घोडदळाच्या प्रमुखाचा ‘बाल्देरास बेर’, रास या पदवीच्या सरदाराचा ‘रास बेर’, वाजंत्र्यांचा ‘इम्बिल्टा बेर’, सूत कातणाऱ्यांचा ‘अदेनागेर बेर’, मृतांच्या स्मरणविधीशी संबंधित ‘तेझकारो बेर’ आणि राजाच्या खासगी दालनांकडे नेणारा ‘एल्फिन बेर’ ही त्यांपैकी काही नावे होत. ‘बेर’ म्हणजे दरवाजा. कोणी कोणत्या दरवाजाने आत यावे हे ठरलेले असणे हा छावणीतील शिस्तीचा नियम होता. तो नियम गोंदर येथे दगडी कमानींत कायम झाला.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष काढता येतो. गोंदरच्या राजआवाराची मूळ संकल्पना बाहेरून आलेली नाही. राजसत्ता जागेच्या माध्यमातून कशी व्यक्त करावी याची इथिओपियाची स्वतःची परंपरा होती. तिला नव्या बांधकामतंत्राने कायमचे रूप दिले, असे म्हणणे पुराव्यास अधिक धरून होईल.

३. इमारती आणि दालने

आवारातील सर्वांत मोठी व सुस्थितीतील इमारत फासिलिदसची आहे. करड्या-तपकिरी दगडाच्या चुनेगच्ची भिंती, चारही कोपऱ्यांवर घुमटाकार माथ्याचे गोल बुरूज, नैर्ऋत्येकडे उंच चौकोनी मनोरा आणि लाल ज्वालामुखी दगडाने मढविलेल्या दारे-खिडक्यांच्या कमानी ही तिची ठळक लक्षणे होत. मजल्यांसाठी आणि सज्जांसाठी लाकूड वापरले आहे. तळमजल्यावर भोजनाची व औपचारिक भेटीगाठींची दालने होती. काही दारांवर षट्‌कोनी तारा कोरलेला आहे. आपला वंश राजा सॉलोमनपासून सुरू होतो या राजघराण्याच्या दाव्याशी त्याचा संबंध लावला जातो. बाहेरील दगडी जिना वरच्या मजल्याकडे नेतो. पहिल्या मजल्यावरील सपाट गच्ची प्रार्थनेसाठी वापरली जात असे व तेथून राजा जमलेल्या प्रजेला उद्देशून बोलत असे, असे परंपरा सांगते. राजाचे शयनगृह त्याहून वर आहे. मनोऱ्यावरून निरभ्र दिवशी ताना सरोवर दिसते.

या मांडणीतील एक गोष्ट लक्षणीय आहे. एवढ्या मोठ्या इमारतीत दालनांची संख्या तुलनेने थोडी आहे. युरोपीय राजवाड्यात दालनामागून दालन ओलांडत राजाच्या जवळ जाण्याची जी रीत होती, तिला येथे एका छपराखाली फारसा वाव नाही. परंतु १६९९ मध्ये गोंदर येथे आलेला फ्रेंच वैद्य शार्ल पोन्से सांगतो, की वीसहून अधिक दालनांतून नेल्यानंतर त्यास सम्राट पहिला इयासू याच्या सिंहासनाच्या दालनात प्रवेश मिळाला. सिंहासनाचे पाय चांदीचे होते आणि ते सोनेरी व निळ्या रंगाने झळकणाऱ्या घुमटाखाली ठेवलेले होते, असेही तो लिहितो. पोन्सेच्या वृत्तांताच्या विश्वासार्हतेविषयी फ्रान्समध्ये शंका घेतल्या गेल्या होत्या व तपशिलात अतिशयोक्ती असणे शक्य आहे. तरीही ‘वीस दालने’ हा अनुभव समजून घ्यावयाचा असेल, तर तो एका इमारतीत शोधून चालणार नाही. अंगणे, मंडप, पडदे लावलेल्या वाटा आणि निरनिराळ्या इमारती यांतून जाणारा तो प्रवास असावा. राजाकडे जाणारी वाट येथे संपूर्ण आवारातून जात होती आणि आवार हेच एक सलग दालन-मालिकेचे काम करीत होते.

फासिलिदसचा पुत्र पहिला योहान्नेस (१६६७ ते १६८२) याच्या नावावर कचेरी आणि ग्रंथालय या दोन इमारती सांगितल्या जातात. सत्तेच्या लेखी कारभाराला स्वतंत्र वास्तू मिळाली, ही फिरत्या छावणीहून वेगळी अशी नवी गोष्ट होती. त्यानंतरच्या पहिल्या इयासूचा (१६८२ ते १७०६) प्रासाद दोन मजल्यांहून उंच असून घोड्याच्या खोगिरासारख्या आकाराच्या छतामुळे तो ओळखू येतो. त्याच्या आतील भिंती हस्तिदंत, सोन्याचा वर्ख आणि व्हेनिसचे आरसे यांनी सजविलेल्या होत्या, अशी ख्याती होती. आज तेथे उघड्या भिंती उरल्या आहेत. १७०४ चा भूकंप आणि १९४१ मधील ब्रिटिश बॉम्बहल्ला या दोहोंनी या वास्तूची हानी केली.

तिसरा दावित (१७१६ ते १७२१) याने गायन-वादनासाठी स्वतंत्र सभागृह बांधले. बकाफा (१७२१ ते १७३०) याच्या काळात मोठी लांबट मेजवानीची इमारत व तबेले उभे राहिले. बकाफाची राणी मेंतेवाब हिने १७३० मध्ये पुत्र दुसरा इयासू याच्या वतीने कारभार हाती घेतला व स्वतःलाही राज्याभिषेक करवून घेतला. तिची इमारत आवारातील उशिराच्या वास्तूंपैकी एक असून लाल दगडातील क्रूसाच्या नक्षीमुळे उठून दिसते. शहराबाहेर कुस्क्वाम येथे तिने चर्च आणि स्वतःचा निवास असा आणखी एक वेढलेला वास्तुसमूह उभारला. राजमातेची सत्ता वाढली तेव्हा तिला स्वतःचे ‘गेब्बी’ लागले, हा तपशील या वास्तुपरंपरेचे तर्कशास्त्र स्पष्ट करणारा आहे.

प्रत्येक राज्यकर्त्याने पूर्वजाच्या दालनात राहण्याऐवजी शेजारी नवी इमारत का बांधली, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. केवळ वैभवाची हौस एवढे उत्तर पुरेसे नाही. छावणीत राजा बदलला की तंबूंची मांडणी नव्याने होत असे. तंबू हा व्यक्तीचा असे, सिंहासनाचा नव्हे. तीच समज दगडी बांधकामाच्या काळातही टिकून राहिली असावी. तंबू मोडून नेता येतो, दगडी इमारत नेता येत नाही. म्हणून जुन्या वास्तू जागेवर राहिल्या आणि आवार दाट होत गेले. गोंदरचे आजचे रूप या अर्थाने अनेक छावण्यांचा साठा आहे.

४. निर्मात्याचा प्रश्न

गोंदरच्या वास्तूंना दीर्घकाळ ‘पोर्तुगीज किल्ले’ म्हटले गेले. आफ्रिकेत अशा इमारती दिसल्या म्हणजे त्या युरोपीयांनीच बांधल्या असणार, हे गृहीतक त्यामागे होते. कालक्रम तपासताच ते ढासळते. सम्राट सुस्निओस (१६०७ ते १६३२) याने १६२२ मध्ये उघडपणे कॅथलिक पंथ स्वीकारला होता. त्यातून देशात यादवी माजली आणि १६३२ मध्ये त्यास सत्ता सोडावी लागली. त्याचा पुत्र फासिलिदस याने सनातनी चर्चची पुनःस्थापना केली आणि १६३३-३४ मध्ये जेझुइट मिशनऱ्यांना हद्दपार केले. राजधानी गोंदर येथे स्थापन झाली ती त्यानंतर. असे असूनही युनेस्कोच्या संक्षिप्त वर्णनात, येथील वास्तूंवर आधी हिंदू व अरब प्रभाव होता आणि नंतर जेझुइट मिशनऱ्यांनी गोंदर येथे आणलेल्या बरोक शैलीने त्यांचे रूप पालटले, अशा आशयाचे विधान आहे. जे शहर वसण्यापूर्वी जेझुइट देशाबाहेर गेले, त्या शहरात त्यांनी शैली आणली असे म्हणणे कालदृष्ट्या टिकत नाही.

याचा अर्थ जेझुइटांचा काहीच संबंध नव्हता, असाही नाही. सुस्निओसच्या काळात पेद्रो पाएझ याच्यासारख्या मिशनऱ्यांनी ताना सरोवराच्या काठी गोर्गोरा येथे बांधकामे केली. इथिओपियात चुन्याचा बांधकामासाठी वापर १६२० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाला, आणि योग्य दगड ओळखून देणारा माणूस भारतातून आलेला होता, असे जेझुइट नोंदी सांगतात. ‘द आर्किऑलॉजी ऑफ द जेझुइट मिशन्स इन इथिओपिया’ या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात स्पॅनिश पुरातत्त्वज्ञांच्या गटाने १५५७ ते १६३२ या काळातील मिशनच्या स्थळांचा क्षेत्रीय अभ्यास मांडला आहे. मिशनच्या काळात रुजलेले तंत्र मिशनऱ्यांच्या हकालपट्टीनंतर राजदरबाराने स्वतःच्या हेतूंसाठी वापरले, ही मांडणी कालक्रमाशी सुसंगत ठरते. धर्म नाकारला गेला, चुना राहिला.

भारतीय संबंधाचे पुरावे याहून थेट आहेत. १६४८ मध्ये येमेनच्या इमामाचा वकील अल्-हैमी हा फासिलिदसच्या दरबारी आला होता. राजाचा प्रासाद एका भारतीय कारागिराने बांधला, असे त्याने नमूद केले आहे. इथिओपियाच्या परंपरेत अब्दल करीम या भारतीय बांधकामप्रमुखाचे नाव येते, व त्यानेच पूर्वी सुस्निओससाठी दांकाझ येथील वाडा बांधल्याचे सांगितले जाते. ब्रूसनेही भारतातून आलेले गवंडी, आणि जेझुइटांकडून बांधकाम शिकलेले परंतु त्यांचा धर्म न स्वीकारलेले इथिओपियन कारागीर, अशा दोघांना श्रेय दिले आहे. इथिओपियातील जेझुइट मिशनचा सारा व्यवहार गोव्याहून चालत असे. माणसे, पत्रे आणि साहित्य गोवा व दीव येथून तांबड्या समुद्राच्या मार्गाने जात. त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावरील चुनेगच्चीचे ज्ञान तेथवर पोहोचणे स्वाभाविक होते.

भारतीय, आणि विशेषतः मराठी व कोकणी, वाचकाला हा दुवा आकर्षक वाटणे साहजिक आहे. मात्र येथेच सावधगिरीची गरज आहे. ‘पोर्तुगीज किल्ला’ ही पाटी काढून तेथे ‘भारतीय वास्तू’ अशी पाटी लावल्याने चूक दुरुस्त होत नाही, तिचा केवळ मालक बदलतो. ‘हिंदू प्रभाव’ ही युनेस्कोची शब्दयोजनाही तपासून घ्यावयास हवी, कारण परंपरेने ज्या भारतीय बांधकामप्रमुखाचे नाव जपले आहे ते मुसलमानाचे आहे. समुद्रमार्गाने फिरणाऱ्या कारागिरांच्या ज्ञानाला एका धर्माचे नाव देणे हे सतराव्या शतकातील हिंदी महासागराच्या वास्तवाशी जुळत नाही.

या वादात आणखी एक समाज सतत झाकला जातो. गोंदर परिसरातील बेता इस्राएल, म्हणजे इथिओपियन ज्यू, हे गवंडीकाम, सुतारकाम, लोहारकाम व कुंभारकाम यांसाठी प्रसिद्ध होते. ब्रूसने गोंदरजवळील या समाजाचा गवंडी व छपरे शाकारणारे म्हणून उल्लेख केला आहे. गोंदरच्या राजांनी बांधकामासाठी त्यांच्यातील कारागिरांना जमिनी व पदव्या दिल्याचे इतिहासकार जेम्स क्विरिन यांच्या संशोधनातून पुढे आले आहे. परदेशी बांधकामप्रमुख एक किंवा दोन असतील. शंभर वर्षे दगड घडवणारे, चुना मळणारे, तुळया चढवणारे हात स्थानिक होते. १९८४-८५ आणि १९९१ मधील मोहिमांतून व नंतरच्या स्थलांतरातून या समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलमध्ये गेले. ज्यांच्या पूर्वजांनी या भिंती रचल्या, ते आज या भिंतींच्या भोवती फारसे नाहीत. त्यामुळे त्यांच्या श्रेयाची नोंद लेखनात होणे अधिक निकडीचे ठरते.

५. मातीची दालने आणि रिकामी जागा

ब्रूसच्या वृत्तांतातील सर्वांत उपेक्षित तपशील मातीच्या दालनांविषयीचा आहे. त्याच्या वेळी मुख्य प्रासादाचा बराच भाग वेळोवेळी लागलेल्या आगींमुळे उद्ध्वस्त झाला होता व खालचे दोन मजलेच राहण्याजोगे होते. एकामागून एक आलेल्या राजांनी या प्रासादाच्या बाजूला आपल्या देशाच्या पद्धतीने केवळ मातीची दालने बांधली, असे तो सांगतो. शहरातील घरेही प्रामुख्याने मातीची व शंक्वाकृती गवती छपरांची होती. शांततेच्या काळात शहरात सुमारे दहा हजार कुटुंबे राहात, असा त्याचा अंदाज आहे.

या नोंदीचा अर्थ साधा परंतु दूरगामी आहे. सम्राटांचे दैनंदिन जीवन फक्त दगडी इमारतींत चालत नव्हते. दगडी वास्तू समारंभाच्या, दर्शनाच्या व स्मरणाच्या होत्या, तर राहणीचा मोठा भाग मातीच्या, लाकडाच्या व गवताच्या दालनांत व्यतीत होत असे. ती दालने आज अस्तित्वात नाहीत. प्रवाशाला आज आवारात जी हिरवळ आणि मोकळी मैदाने दिसतात, त्यांच्या जागी एके काळी स्वयंपाकघरे, सेवकांची घरे, तंबू, मंडप आणि राजांची मातीची दालने होती असे मानावे लागते. टिकाऊ साहित्यालाच ‘वास्तू’ समजण्याच्या सवयीमुळे इतिहासाचा अर्धा भाग नकळत वगळला गेला आहे. ‘किल्ला’ ही प्रतिमा पक्की होण्यामागेही हेच कारण आहे. माती गेली, दगड उरला. आणि उरलेल्या दगडावरून संपूर्ण राजवाड्याचे अनुमान केले गेले.

६. ऱ्हास, दुरुस्ती आणि जतनाची दृष्टी

१७६९ मध्ये रास मिकाएल सेहुल याने सम्राट इयोआस याचा वध करविला आणि प्रांतिक सरदारांच्या वर्चस्वाचे युग सुरू झाले. ते १८५५ मध्ये दुसऱ्या तेओद्रोसच्या राज्यारोहणापर्यंत चालले. गोंदर येथे सम्राट नावापुरते उरले. तेओद्रोसने राजधानी हलवली व १८६० च्या दशकात स्वतःच या शहराची लूट व जाळपोळ केली. १८८८ मध्ये सुदानच्या महदी सैन्याने शहर पुन्हा उद्ध्वस्त केले. १९३६ ते १९४१ या इटालियन कब्जाच्या काळात गोंदर हे प्रशासकीय केंद्र होते आणि नोव्हेंबर १९४१ मध्ये पूर्व आफ्रिकेतील इटालियन सैन्याने अखेरचा मोठा प्रतिकार येथेच केला.

इटालियन अमदानीत या वास्तूंची दुरुस्ती झाली, परंतु तिच्यात सिमेंट व लोखंडी सळ्यांचे काँक्रीट वापरले गेले. चुनेगच्ची भिंत ओलावा शोषते आणि बाहेर सोडते. सिमेंटचा कठीण थर हा ओलावा आत कोंडतो व मूळ दगड-चुन्याची झीज वाढवतो. म्हणूनच पुढील काळातील संवर्धनात मूळ पद्धतीच्या चुन्याकडे परत जाण्याचे धोरण स्वीकारावे लागले. ज्या चुन्याच्या आगमनाने गोंदर शक्य झाले, त्या चुन्याचे ज्ञान जपणे हेच गोंदरच्या जतनाचे पहिले साधन ठरते.

तथापि भिंती जपणे पुरेसे नाही. आवार हाच राजवाडा असेल, तर दोन इमारतींमधील जमीन हीदेखील वारशाचा भाग आहे. पर्यटकांच्या सोयीसाठी वाटा आखणे, झाडे लावणे, जमीन सपाट करणे ही कामे निरुपद्रवी वाटतात. परंतु मातीच्या दालनांचे उरलेसुरले अवशेष असल्यास ते याच जमिनीच्या वरच्या थरांत असणार. या जागेचे पद्धतशीर उत्खनन व सर्वेक्षण झाल्याशिवाय तिला ‘बाग’ समजून वागवणे म्हणजे न वाचलेले हस्तलिखित पुसून टाकणे होय.

जिवंत वापराचे एक उदाहरण शहरातच उपलब्ध आहे. फासिलिदसच्या नावाने ओळखले जाणारे स्नानकुंड मुख्य आवारापासून दूर, काहा नदीजवळ आहे. दरवर्षी जानेवारीत तिमकेत या सणाच्या वेळी ते नदीच्या पाण्याने भरले जाते, हजारो भाविक जमतात, आशीर्वादित पाण्यात उतरतात. या सणाची नोंद युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत २०१९ मध्ये झाली. तेथे इमारत लहान आणि मोकळी जागा मोठी आहे; जमाव आला म्हणजे मोकळ्या जागेचा अर्थ उलगडतो. मुख्य आवारातील मोकळ्या जागाही एके काळी अशाच माणसांनी भरलेल्या असत, याचे भान हे कुंड देते.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील गोष्टी हाती लागतात. पहिली, फासिल गेब्बीची मांडणी इथिओपियाच्या फिरत्या राजछावणीतून आलेली आहे. दरवाजांची संख्या व नावे, स्वतंत्र राजनिवास आणि दालनांचा विखुरलेला क्रम यांतून ते स्पष्ट होते. दुसरी, बांधकामाचे तंत्र अनेक दिशांनी आले. त्यात भारतीय कारागीर, मिशनच्या काळातील प्रशिक्षण आणि बेता इस्राएल समाजाचे कौशल्य यांचा वाटा आहे. मात्र तंत्र देणारा आणि संकल्पना देणारा यांत गल्लत करता कामा नये. तिसरी, ‘पोर्तुगीज’, ‘बरोक’ किंवा ‘हिंदू’ ही विशेषणे कालक्रम व पुरावा यांच्या कसोटीवर अपुरी ठरतात आणि अधिकृत वर्णनांत त्यांची दुरुस्ती होणे इष्ट आहे. चौथी, नष्ट झालेली मातीची दालने विचारात घेतल्याशिवाय या राजवाड्याचे कोणतेही वाचन पूर्ण होत नाही.

फासिलिदसच्या गच्चीवरून पाहणाऱ्याची नजर साहजिकच उभ्या असलेल्या मनोऱ्यांवर आणि कमानींवर खिळते. त्या गच्चीवरून राजा मात्र मनोऱ्यांकडे पाहत नव्हता. तो पाहत होता खालच्या आवारात ठरलेल्या दरवाजांनी येऊन ठरलेल्या जागी उभ्या राहिलेल्या माणसांकडे. राजवाड्याचा अभ्यासही त्या खालच्या जागेपासून सुरू व्हावयास हवा.